होडीला पाणी येत नाही

माणसाचा इतिहास म्हणजे त्यानं पाण्यावर मिळवलेल्या विजयाचा इतिहास होय. त्यानं नद्यांना बांध घातले, वादळाच्या तोंडावर शिडं उभारली, समुद्र ओलांडले आणि पृथ्वीला पाण्यावरूनच वळसा घातला. जलतत्त्वाला वश करण्याची ही दुर्दम्य ईर्षा प्रत्येक पुरुषाच्या रक्तात असते. माझ्याही आहे. फक्त आमच्या चिंचहट्टीत पाणी चार दिवसाआड येतं, आणि तेही वॉटरमन शामूची म्हैस वेळेवर पिळून झाली तर.

असं असूनही माझ्याकडे शिडाची होडी आहे. हे वाक्य मी शक्य तितकं साधं लिहिलं आहे, कारण ते कसंही लिहिलं तरी माणसं दोनदा वाचतात. निपाणीहून चिकोडीकडं जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. नदी बघायची तर सदलग्याकडं जावं लागतं आणि समुद्र बघायचा तर घाट उतरून सव्वाशे किलोमीटर. अशा या गावात, आमच्या परड्यात, शेवग्याच्या झाडाखाली, विटांच्या थप्प्यांवर बावीस फुटांची होडी उभी आहे. माझा भाचा विक्रम गोव्यात बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात आहे. कुणा मालकानं टाकून दिलेली ही होडी तिथं जागा अडवून बसली होती. त्यानं फोनवर सहज विचारलं, मी सहज हो म्हणालो. मोठमोठी साम्राज्यं अशीच गळ्यात पडलेली असतात. मार्चात कारखाना बंद पडल्यामुळं उसाची ट्रॉली रिकामी मिळाली आणि होडी आंबोलीचा घाट जमिनीवरून चढून आली. वाटेत तीन ठिकाणी लोकांनी नमस्कार केला म्हणे. त्यांना वाटलं गणपतीची आरास आहे; मार्च महिन्यात कशी, हे त्यांनी विचारलं नाही. आपल्याकडं श्रद्धा महिने बघत नाही.

मला होडी कशाला हवी होती, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. मी बस डेपोत चौतीस वर्षं स्टोअर-कीपर होतो. चौतीस वर्षं लोकांना बेल्ट दिले, बेअरिंगं दिली, वायसर दिले. त्यांवर गाड्या हुबळीला गेल्या, पुण्याला गेल्या, मी खिडकीमागं राहिलो. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी होडीत जाऊन बसायचो. शेवग्याची फांदी हलली की होडी चालल्यासारखी वाटायची. आणि मुख्य म्हणजे तिथं कुणी इंडेंट, म्हणजे सुट्या भागांची मागणीचिठ्ठी, घेऊन यायचं नाही. एवढंच कारण. पण एवढं कारण माणसाला चारचौघांत सांगता येत नाही, म्हणून मी हिडकल धरणात नौकाविहार वगैरे बोलायचो.

माझी बायको अक्काताई या विषयावर दोन महिने काहीच बोलली नाही. आमच्या घरात तिचं न बोलणं म्हणजे नोटिशीचा कालावधी असतो. ज्या जागी होडी उभी होती त्या जागी दरवर्षी उन्हाळ्यात तिच्या मिरच्या वाळत पडायच्या. यंदा मिरच्या पोत्यातच होत्या आणि तिच्या नाकाचा शेंडा त्या रंगावर जात चालला होता. एका मंगळवारी जेवताना ती म्हणाली, "रविवारी भंगारवाला येणार हाय. निरोप धाडलाय मी."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"तवर त्या होडीतली एक वस्तू चालवून दावा. एकच. चालली तर ऱ्हाऊ दे तुमचं जहाज जलमभर, मी तोंड उघडणार न्हाय. न्हाय चालली तर ते जाईल आन् माझ्या मिरच्या वाळतील."

अट अतिशय उदार होती, हे मला मान्य करायला हवं. एका वस्तूत होडी वाचत होती. मी लगेच कागद घेऊन यादी केली. शीड घ्यावं तर उंदरांनी त्याला हवेशीर खिडक्या पाडल्या होत्या. सुकाणू गंजून एका बाजूला मान टाकून बसलं होतं. दिव्याला बॅटरी नव्हती. होकायंत्र होतं, पण ते उत्तर कायम आमच्या शेजारच्या सत्याप्पाच्या घराकडं दाखवायचं, आणि हे कळल्यापासून सत्याप्पाचं वागणं बदललं होतं. राहता राहिला नळ.

हा नळ म्हणजे होडीच्या आतल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यातला. जेवणाच्या ताटाएवढं एक स्टीलचं सिंक आणि त्याच्या कडेला पितळी नळ. त्या नळाला तोटी नाही, एक उभं हॅण्डल. हॅण्डल वरखाली केलं की नळातनं पाणी यावं, अशी रचना. विजेचा संबंध नाही, ही गोष्ट आमच्या भागात किती मोलाची आहे हे भारनियमन न भोगलेल्यांना कळायचं नाही. मी हॅण्डल हलवून बघितलं. ते अगदी विनासायास वरखाली झालं आणि पाणी आलं नाही. मान डोलावणारी आणि काम न करणारी अशी चार माणसं माझ्या हाताखाली होती, त्यामुळं मी घाबरलो नाही.

फोनवर याचा व्हिडिओ मिळाला. एक गोरा माणूस हसतहसत तोच नळ खोलत होता. वायसर बदला, दहा मिनिटांचं काम, असं त्याचं म्हणणं. व्हिडिओत त्याची होडी सारखी डुलत होती. कॅमेरा धरणाऱ्याचा हात थरथरत असावा असं मला वाटलं आणि वाईटही वाटलं.

त्याचं दहा मिनिटांचं काम मला दोन दिवस लागलं, पण त्याला कारण आहे. तो माणूस सुटे भाग नुसते टेबलावर टाकत होता. असली बेशिस्त मी चौतीस वर्षांत खपवून घेतलेली नाही. नळातनं अकरा भाग निघाले. मी प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधली, तिच्यावर क्रमांक, वर्णन, अवस्था आणि शेरा लिहिला. 'क्र. ७, स्प्रिंग, पितळी, लहान, अवस्था समाधानकारक, स्वभाव उड्या मारण्याचा.' बुधवारी संध्याकाळी ते अकरा भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले तेव्हा असं वाटलं की नळ दुरुस्त झाला नाही तरी चालेल. अक्काताई चहा घेऊन शिडीपाशी आली, तिनं मान उंचावून बघितलं आणि म्हणाली, "बारसं हाय व्हय?"

दोष क्रमांक चारमध्ये होता. तो चामड्याचा वायसर सुकून खारकेसारखा झाला होता. गुरुवारी मी तो कागदात गुंडाळून निपाणीला गेलो. हार्डवेअरच्या दुकानदारानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, हुंगला.

"कसल्या पंपाचा?" त्यानं विचारलं.

"होडीचा."

त्यानं वायसर खाली ठेवला आणि चष्मा पुसला. दुकानात सिमेंट घ्यायला आलेले दोघे, तारेच्या बंडलावर बसलेला एक आणि रस्त्यानं जाणारा एक असे चौघे जवळ आले. होडी कुठं आहे, परड्यात कशी, परड्यात पाणी आहे का, नसेल तर चालते कशी, किती बसतात, लग्नाला देता का, अशी चौकशी झाली. निपाणीत वस्तू मिळायला वेळ लागतो, माहिती द्यायला लागत नाही. शेवटी तंबाखूवर औषध मारायच्या फवारणी पंपाचा एक वायसर मिळाला. तो माझ्या नळाच्या तोंडाला टोपीसारखा बसला. तारेच्या बंडलावरचा माणूस म्हणाला, "बसलाय की." त्याचं म्हणणं बरोबर होतं. बसला होता, आत जात नव्हता.

प्रश्न सुटला तो मालुबाईमुळं. मालुबाई आमच्या समोर राहतात, वय सत्तरच्या पुढं. त्यांच्या माळ्यावर रॉकेलचा पंपाचा स्टो होता. त्याच्या दांड्याचा चामडी वायसर त्यांनी मला काढून दिला, पण एका अटीवर. जिनं पंधरा वर्षं तीन माणसांचा स्वयंपाक केला ती वस्तू कुठं नांदायला चालली आहे, हे त्यांना बघायचं होतं. मी हो म्हणालो. मालुबाई शिडी चढून आत आल्या, बाकावर टेकल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ गल्लीतल्या आणखी पाचजणी आल्या. सहा बायका आणि अकरा सुटे भाग एवढ्या जागेत मावत नाहीत. क्रमांक सात ही स्प्रिंग कुणाच्या तरी पदरात शिरली आणि ती काढेपर्यंत माझ्याबद्दल सहा घरांत सहा प्रकारची मतं तयार झाली. अक्काताईनं चहा केला, पण होडीत दिला नाही. सगळ्यांना खाली उतरवून पायरीवर दिला. तो तिच्या तत्त्वाचा प्रश्न होता.

वायसर मात्र फिट्ट बसला. खोबरेल तेलात तासभर भिजवून, क्रमांकानुसार भाग जोडून, शेवटची चिठ्ठी सोडवून मी हॅण्डल उचललं. आता त्याला जोर लागत होता. नळातनं 'फुस्स' असा आवाज आला. काही न बोलणाऱ्या माणसानं निदान सुस्कारा टाकावा तसं मला वाटलं. फक्त पाणी हवं होतं.

होडीच्या पुढच्या भागात, झोपायच्या फळीखाली, प्लॅस्टिकची टाकी होती. तिच्यातनं एक नळी निघून तळाच्या फळ्यांखाली गडप होत होती, आणि नळाच्या पोटातनं एक नळी निघून त्याच फळ्यांखाली गडप होत होती. दोन नळ्या एकाच ठिकाणी गडप होत असतील तर त्या आत भेटत असणार, यात शंका घ्यायला मला जागा दिसली नाही. शुक्रवार पाण्याचा दिवस होता. मी मोरीच्या नळाला पाइप लावला, तो अंगणातनं, शेवग्याला वळसा घालून होडीत नेला आणि टाकी काठोकाठ भरली. मग हॅण्डल मारलं. फुस्स. वीस वेळा मारलं. वीस वेळा फुस्स.

या फुस्सचा आवाज ऐकून सत्याप्पा आला. सत्याप्पा म्हणजे पाणाड्या. पाण्याची जागा दाखवणारा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातनं चालत जातो, आणि जिथं नारळ उभा राहील तिथं बोअर मारायचं. सदलग्यापर्यंत त्याला बोलावणी येतात. लागलेल्या बोअरांची संख्या त्याला तोंडपाठ आहे; न लागलेल्या बोअरांच्या बाबतीत दोष नारळाच्या झाडाचा असतो.

त्यानं चप्पल खाली काढली, नारळ हातावर घेतला आणि होडीत पुढून मागं चालायला लागला. टाकीवरनं गेला, नारळ झोपलेला. मी म्हणालो, सत्याप्पा, खाली भरलेली टाकी आहे. मी झाकण उघडून दाखवलं. त्यानं आत ढुंकूनही बघितलं नाही. "ते साठवलेलं पाणी," तो म्हणाला. "त्याला नारळ मानत न्हाय." मग तो सिंकापाशी आला आणि नारळ टुणकन उभा राहिला.

"हाय," सत्याप्पा डोळे मिटून म्हणाला. "खाली हाय. पर साडेतीनशे फुटावर."

"सत्याप्पा, ही होडी आहे."

"म्हनून काय झालं? गाडी बोलवू या उद्या. बुडाला भोक पाडायचं आन् सरळ खाली जायाचं."

"होडीच्या बुडाला भोक पाडलं तर होडीत पाणी येईल रं."

"आन् तू चार दिस काय बोंबलायलास मग? पाणी येईना म्हनूनच न्हवं?"

हा युक्तिवाद मी घरात गेल्यावरही बराच वेळ सगळ्या बाजूंनी तपासून बघितला.

इकडं शामूनं आपलं काम केलं होतं. पाणी सोडून परत जाताना त्याला मोरीतनं होडीत गेलेला पाइप दिसला, आणि वॉटरमनला पाइप दिसला की तो शेवटपर्यंत जातो. त्यानं फक्त एवढंच विचारलं की आण्णा, दुसऱ्या घराला जोडणी घेतलीय काय. मी हसलो. हसायला नको होतं. शनिवारी सकाळी पंचायतीचं पत्र आलं. सीमाभागात माणसाला दोन भाषा येतात आणि नोटीस तिसऱ्या भाषेत येते. तीत कन्नड अक्षरं होती आणि मला कन्नड येतं. तरी 'मालमत्ता' आणि 'तात्काळ' एवढेच दोन शब्द मला लागले. दोन्ही चांगले नव्हते.

पत्र घेऊन मी तसाच पंचायतीत गेलो. तिथं विकास अधिकारी सुनयना मॅडम बसल्या होत्या. निपाणीच्या, तिशीच्या आतल्या, इंजिनिअर झालेल्या. गावात येऊन वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात त्यांनी दोन गटारं सरळ केली होती, त्यामुळं लोक त्यांना जरा घाबरून असत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कोरा फॉर्म पुढं ओढला. आत स्वयंपाकाची सोय आहे का, म्हणाल्या. मी अभिमानानं सांगितलं, आहे. झोपायची? चौघांची. संडास? आहे म्हणायला. छप्पर? आहे. त्या लिहीत गेल्या आणि मी होडीची कौतुकं सांगत गेलो. पान भरल्यावर मला कळलं की मी स्वतःच्या तोंडानं एक घर बांधून दिलं आहे.

"मॅडम, ती होडी आहे," मी म्हणालो.

"कुठल्या पाण्यातली?"

मी खिडकीतनं बाहेर बघितलं. बाहेर ऊन होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. "आण्णा, तुमचा शब्द मी मानते. पण तुमच्या एकट्याचं होडी म्हणून सोडलं, तर पुढच्या महिन्यात सगळं गाव वाढवलेल्या खोलीला पुढनं टोक काढील आणि होडी म्हणून सांगंल. मी काय करू?" आमचं गाव मला माहीत आहे. त्यांची भीती बिनबुडाची नव्हती. घर म्हणून नोंद झाली तर ते कुंपणापासून तीन फूट आत पाहिजे. माझी होडी कुंपणाला नाक लावून उभी. म्हणजे पाडकाम. घरपट्टीच्या वसुलीची धावपळ असल्यामुळं त्या रविवारीही काम करत होत्या. उद्या सकाळी येऊन मोजमाप घेते म्हणाल्या.

म्हणजे रविवारी माझ्या होडीला मारायला दोघं येणार होते, आणि दोघांनाही मीच पत्ता समजावून सांगितल्यासारखा होता.

रविवारी आठ वाजता भंगारवाला आण्णाप्पा टेंपो घेऊन दारात आला. सज्जन माणूस. त्यानं होडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेरांनी ठिकठिकाणी वाजवून बघितलं, आणि प्रत्येक ठिकाणी जिभेनं 'च्च' केलं, जसं डॉक्टर आपल्या समोर करत नाहीत पण बाहेर नातेवाइकांपाशी करतात. अक्काताई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून मिरच्यांची देठं काढत होती. तिनं त्याला पाणी दिलं, बसायला पाट दिला आणि सांगितलं की जरा थांबा, आमचं ह्यांचं अजून चाललंय. सत्याप्पा कुंपणावर हात ठेवून उभा होता. मालुबाई आपल्या वायसरच्या काळजीनं आल्या होत्या.

मी आत हॅण्डल मारत होतो. फुस्स, फुस्स, फुस्स. आता त्यात दुरुस्ती वगैरे काही उरली नव्हती. एखाद्याचा हात हातात घेऊन नुसतं बसावं, तसं मी हॅण्डल धरून बसलो होतो. मधूनच थांबलो की बाहेर शेवग्याची फांदी हलायची आणि होडी चालल्यासारखी वाटायची, म्हणून मी थांबत नव्हतो.

साडेआठला सुनयना मॅडम आल्या. टेपचं एक टोक शामूच्या हातात, एक त्यांच्या. लांबी झाली, रुंदी झाली, कुंपणापासूनचं अंतर झालं, आणि ते लिहिताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, हे मला बारक्या खिडकीतनं दिसलं. मग जोत्याची उंची राहिली. होडीला जोतं नव्हतं, विटा होत्या. मॅडम ओढणी खांद्यावर टाकून वाकल्या आणि होडीच्या खाली गेल्या. त्यांचा आवाज माझ्या पायांखालनं आला.

"आण्णा, तुम्ही वर काय करताय?"

मी म्हणालो, नळ हलवतोय.

"परत हलवा बघू."

मी हलवला. फुस्स.

"अजून एकदा. जोरात." मी जोरात हलवला. मग त्या अगदी कार्यालयीन आवाजात म्हणाल्या, "जरा थांबा. माझी ओढणी अडकली."

मी धडपडत खाली उतरलो. होडीच्या पोटाला, बरोबर सिंकाच्या खाली, अंगठा जाईल एवढं एक पितळी तोंड होतं, आणि मॅडमच्या ओढणीचं टोक त्यात घट्ट ओढलं गेलं होतं. सत्याप्पाला बुडाला जे भोक पाडायचं होतं ते तिथं आधीपासून होतं. शामूनं हलक्या हातानं ओढणी सोडवली. मॅडमनी त्या भोकावर तळहात ठेवला, शामूला वर पाठवून हॅण्डल मारायला लावलं, हात काढला, परत ठेवला. मग मातीत तशाच उकिडव्या बसून म्हणाल्या, "ह्या नळाचा तुमच्या टाकीशी काही संबंधच नाही. हा खालचं पाणी वर ओढतोय. होडी पाण्यात असती तर पहिल्या दिवशीच आलं असतं."

 शामूनं वर हॅण्डल सोडून दिलं.

मी तिथंच विटेवर बसून विक्रमला फोन लावला. "व्हय की मामा," तो म्हणाला. "भांडी समुद्राच्या पाण्यानं घासत्यात होडीत. गोडं पाणी वाचवायला. टाकीची नळी मागं न्हाणीला जाती, ती बंद करून टाकल्याली हाय." मग आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारल्यावर तो जरा गोंधळला. "तुमी ती पाण्यात घालनार आसं वाटलं मला," तो म्हणाला.

वाचकांना यात हसू येत असेल तर मी त्यांना दोष देणार नाही, पण एक विनंती करीन. आम्ही पाणी आलं की पातेली भरतो, पातेली भरली की वाट्या भरतो. आमच्या छपरावर टाक्या, टाक्यांवर झाकणं, झाकणांवर दगड. एखाद्या नळाला घराच्या बुडाखाली नुसतं तोंड ठेवलं की पुरे, तिथं पाणी असतंच, कायम असतं, कुणी सोडावं लागत नाही, ही कल्पना चिंचहट्टीच्या माणसाला सुचेल कशी? पाच दिवसांत हार्डवेअरवाल्यापासून सहा बायकांपर्यंत कुणालाच ती सुचली नव्हती.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. शामूनं आमच्या मोरीतली बादली भरून आणली आणि होडीखाली ठेवली. सत्याप्पानं रानातल्या ठिबकच्या नळीचा तुकडा आणला. एक टोक त्या पितळी तोंडात, दुसरं बादलीत. मी वर गेलो. हॅण्डल मारलं. फुस्स. परत मारलं. नळ खाकरला. तिसऱ्यांदा त्यानं गंजाचं लाल पाणी थुंकलं, मग त्यातनं एक शिंपला आला, आणि मग पाणी आलं. स्वच्छ, करंगळीएवढ्या धारेचं, दर हॅण्डलला एक घोट. ताटाएवढ्या सिंकात ते खळखळलं.

मी ओरडलो असेन, कारण सगळे शिडीपाशी गोळा झाले. "खालीच हाय म्हनून नारळानं सांगितलंतं," सत्याप्पा म्हणाला. साडेतीनशे फुटांचं काय, असं कुणी विचारलं नाही. त्याच्या धंद्यात तेवढा फरक धरूनच चालतात. मालुबाई खालनं मोठ्यानं सांगत होत्या की वायसर त्यांचा आहे. सुनयना मॅडमनी फॉर्म उलटा केला आणि गुडघ्यावर ठेवून शेरा लिहिला. तो त्यांनी आम्हाला मराठीत वाचून दाखवला: "घराला पाणी वरून येते किंवा बाजूने येते. सदर वस्तूस ते बुडातून येत असल्याने ही होडी आहे. सध्या जमिनीवर." खाली सही, शिक्का, तारीख. असला दाखला हिंदुस्थानात दुसऱ्या कुणापाशी असेल असं मला वाटत नाही. मी तो लॅमिनेट करून घेणार आहे.

आण्णाप्पानं होडीला शेवटचा एकदा हात लावला, 'च्च' केलं नाही, आणि टेंपो घेऊन गेला.

मग अक्काताई उठली. मांडीवरची देठं झाडली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ती शिडी चढून होडीत आली. मी बाजूला सरकलो. तिनं सिंक बघितलं, नळ बघितला, पदराला हात पुसून हॅण्डल धरलं. एकदा मारलं, दोनदा मारलं, तिसऱ्यांदा धारेखाली हात धरला. पाणी तिच्या बांगड्यांवरनं घरंगळत सिंकात गेलं. बराच वेळ ती त्याच्याकडं बघत होती.  बाहेर सुनयना मॅडमनी पेनाला टोपण घालायचं थांबवलं होतं.

"चालतोय की," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे मग."

तेवढंच. पण तेवढं ऐकल्यावर माझी छाती जी वर आली ती मला खाली घेता येईना. मी हॅण्डलवर एक हात ठेवला आणि बारक्या खिडकीतनं पुढं बघितलं. पुढं सत्याप्पाचा गोठा होता, पण त्या क्षणी तो मला आडवा येत नव्हता. चौतीस वर्षं ज्या गाड्या मला न घेता गेल्या त्या सगळ्या मागं पडत चालल्या होत्या. शेवग्याची फांदी हलली.

अक्काताई शिडी उतरून खाली गेली. चार पावलं गेल्यावर ती थांबली आणि मागं वळली.

"अवो," तिनं खालनं हाक मारली, "उतरताना तेवढी खालची बादली घिऊन या. भांडी घासायची ऱ्हायल्यात."